इंजिन बदललं आणि ऑइल प्रेशरचा काटा भलतंच दाखवतोय? आधी ओहम जुळवा

जुन्या गाडीत दुसरं इंजिन बसवलं, माउंट झाले, वायरिंग झालं, सेल्फ मारला, इंजिन छान सुरू झालं आणि डॅशबोर्डकडे बघितलं तर ऑइल प्रेशरचा काटा शून्यावर पडलेला, नाहीतर एकदम शेवटच्या आकड्यापलीकडे जाऊन टेकलेला. मग कुणी घाबरून चेंबर खोलायला घेतो, कुणी "गेजच जुनंय, जाऊ दे" म्हणून गाडी रस्त्यावर काढतो. पण खरं सांगायचं तर हे दोन्ही प्रकार त्यातल्या त्यात बरे, कारण काहीतरी चुकलंय हे निदान कळतं तरी. वाईट आहे तो तिसरा प्रकार. काटा मस्त मधोमध उभा, रेस दिली की थोडा वर, सोडली की खाली, सगळं अगदी खरं वाटतं, आणि प्रत्यक्षात इंजिनात जेवढं प्रेशर आहे त्याच्या दुप्पट तो दाखवत असतो. आकडा विश्वास बसण्यासारखा असला की कुणी तपासत नाही, म्हणून काटा बरोबर दिसत असला तरी इंजिन बदलल्यावर गेज एकदा तरी तपासायचंच असं माझं म्हणणं आहे.

गंमत अशी की डॅशबोर्डवरचं इलेक्ट्रिक गेज ऑइलचं प्रेशर मोजतच नाही. त्याला ऑइल माहीतही नसतं. ते फक्त एका वायरीतून किती करंट जातोय ते बघतं. इंजिनच्या ब्लॉकला जो डबीसारखा सेंडर लावलेला असतो, त्याच्या आत एक पातळ पडदा असतो, ऑइलने तो पडदा ढकलला की त्याला जोडलेली एक छोटी पट्टी रेझिस्टन्सच्या तारेवरून सरकते आणि सेंडरचा रेझिस्टन्स, म्हणजे करंटला होणारा अडथळा, बदलतो. सेंडरचा एक टोक गेजला, दुसरं टोक म्हणजे त्याची स्वतःची धातूची बॉडी, जी आट्यांमधून इंजिन ब्लॉकला आणि तिथून बॅटरीच्या निगेटिव्हला जाते, यालाच अर्थ म्हणतात. बस्स, एवढंच सर्किट. गेज तयार करणाऱ्याने आधीच ठरवलेलं असतं की इतके ओहम (रेझिस्टन्सचं माप) म्हणजे इतके पीएसआय (प्रेशरचं माप) आणि त्याप्रमाणे डायलवर आकडे छापलेले असतात. आता तुम्ही इंजिन बदललंत, नव्या इंजिनाबरोबर त्याचा सेंडर आला, गेज मात्र गाडीचं जुनंच राहिलं, तर ते ठरलेलं गणितच मोडलं ना. नव्वद टक्के वेळा गोंधळ इथेच असतो असं मी म्हणणार नाही कारण तसा हिशोब कुणी ठेवलेला नाही, पण शोधायला सुरुवात इथूनच करावी.

पण त्याच्याही आधी एक काम. प्रेशर खरंच आहे का ते बघा. काटा शून्यावर असेल, लाल दिवा पेटलेला असेल किंवा वरून टॅपेटचा खडखडाट येत असेल तर इंजिन लगेच बंद करा, गेजचा संशय नंतर घ्या. नंतर सेंडर काढून त्याच भोकात एक साधं मेकॅनिकल टेस्ट गेज लावायचं. त्याच्या आत वाकवलेली पितळी नळी असते, प्रेशर आलं की ती सरळ व्हायला बघते आणि काटा फिरतो, त्याला वायर नाही, बॅटरी नाही, अर्थिंग नाही, म्हणजे या सगळ्या गोंधळातलं काहीही त्याच्यावर परिणाम करत नाही. थंड इंजिनाचं आयडलिंगचं रीडिंग लिहा, मग इंजिन पूर्ण गरम होऊ द्या, नुसता पाण्याचा काटा वर आला म्हणजे ऑइल गरम झालं असं नाही, ऑइल पाण्यापेक्षा बरंच सावकाश गरम होतं, आणि मग आयडलिंग, २००० आरपीएम, ३००० आरपीएम असे आकडे कागदावर लिहून ठेवा. हा कागद पुढच्या सगळ्या तपासणीत लागणार आहे, तो नसेल तर पुढे जे काय कराल ते अंदाजपंचे.

ऑइल पंप प्रेशर तयार करतो असं आपण म्हणतो पण खरं तर तो फक्त ऑइल ढकलतो. प्रेशर तयार होतं ते बेअरिंगच्या फटीतून ऑइलला बाहेर पडायला अडचण होते म्हणून, बागेतल्या पाइपच्या तोंडावर अंगठा दाबला की पाण्याचा जोर वाढतो तसं. थंड ऑइल घट्ट असतं म्हणून प्रेशर जास्त, गरम झालं की पातळ होतं म्हणून कमी, आणि फार वाढलं की रिलीफ व्हॉल्व्ह उघडून जास्तीचं ऑइल परत सोडतो. म्हणजे थंड इंजिनात काटा वर आणि गरम झाल्यावर आयडलिंगला बराच खाली, हे बिघाडाचं लक्षण नाही. उलट गरम-थंड काहीही असो, काटा जागचा हलतच नसेल तर शंका घ्यायला हवी.

आता ओहमकडे येऊ, कारण खरी मेख इथेच आहे.

सगळे सेंडर एकसारखे नसतात

बाहेरून बघितलं तर सगळ्या डब्या सारख्याच दिसतात. आतलं गणित मात्र वेगळं. जुन्या जीएमच्या (जनरल मोटर्सच्या) गाड्यांमध्ये साधारण ० ते ९० ओहमची पद्धत, म्हणजे प्रेशर नसताना जवळजवळ शून्य ओहम आणि पूर्ण प्रेशरला, मग ते डायलप्रमाणे ६० असो की ८० पीएसआय, ९० च्या आसपास. व्हीडीओ या गेज बनवणाऱ्या कंपनीची पद्धत १० ते १८० ओहम, दिशा तीच, प्रेशर वाढलं की ओहम वाढतात. स्टुअर्ट वॉर्नर या गेज कंपनीची आणि नंतर बाजारात आलेल्या बऱ्याच अमेरिकन गेजची पद्धत २४० ते ३३, आणि ही उलटी आहे, शून्य प्रेशरला २४० ओहम आणि पूर्ण प्रेशरला ३३. जुन्या फोर्ड आणि क्रायस्लरमध्ये साधारण ७३ ते १०, ही पण उलटीच.

आता जोडी चुकली की काय होतं ते एकेक करून बघा म्हणजे काट्याच्या वागण्यावरूनच ओळखता येईल. गाडीत २४० ते ३३ वालं गेज आहे आणि इंजिनाबरोबर जीएमचा ० ते ९० वाला सेंडर आलाय. नुसती चावी फिरवली, इंजिन बंदच आहे, सेंडर जवळजवळ शून्य ओहम दाखवतोय, गेजला वाटतं ३३ पेक्षाही कमी म्हणजे भरपूर प्रेशर, काटा उजवीकडे जाऊन आपटतो. इंजिन चालू केलं, प्रेशर वाढलं, ओहम वाढत ९० च्या दिशेने गेले, तर काटा खाली यायला लागतो आणि मध्याच्या थोडा वर थांबतो, कारण त्या गेजला अर्धं म्हणजे साधारण १०३ ओहम. म्हणजे रेस दिली की काटा खाली आणि इंजिन बंद केलं की वर. असं उलटं वागणारं गेज दिसलं की बाकी काही शोधायलाच नको, जोडी चुकलीये.

हे सोपं प्रकरण. अवघड प्रकरण म्हणजे दिशा एकच पण पल्ला वेगळा. गेज जीएमचं ० ते ९० आणि सेंडर व्हीडीओचा १० ते १८०. गेज ९० ओहमला पूर्ण जातं आणि सेंडर ९० ओहमला पोचतो तेव्हा प्रेशर त्याच्या पूर्ण पल्ल्याच्या निम्म्याहूनही थोडं कमीच असतं. म्हणजे दोघांचा पल्ला ८० पीएसआय धरला तर इंजिनात ३८ च्या आसपास आहे आणि गेज ८० सांगतंय. आयडलिंगला खरं प्रेशर १० वर आलेलं असेल तेव्हा सेंडर साधारण ३१ ओहमवर असतो आणि गेज दाखवतं २८. बघणारा म्हणतो, वा, जुन्या इंजिनापेक्षा प्रेशर चांगलंय! याच्या उलट जीएमचा सेंडर आणि व्हीडीओचं गेज असेल तर सगळं निम्मं किंवा त्याहूनही कमी दिसतं, माणूस घाबरतो, घट्ट ऑइल टाकतो, पंप बदलतो, काहीच फरक पडत नाही. त्यात निदान इंजिनाचं तरी नुकसान नाही, नुकसान फक्त खिशाचं.

अजून एक बारीक फरक, जो व्हीडीओच्या बाबतीत फार जण विसरतात. १० ते १८० ओहम हा पल्ला सारखाच असूनही सेंडर ५ बारचा पण मिळतो आणि १० बारचा पण. १ बार म्हणजे साडेचौदा पीएसआय. ५ बारच्या गेजला १० बारचा सेंडर लावला तर ओहम जुळले तरी रीडिंग निम्मं येणार. म्हणून सेंडरच्या षटकोनी भागावर किंवा बॉडीवर कोरलेला बारचा आकडा वाचायचा आणि मग गेजच्या डायलवरचा शेवटचा आकडा बघायचा, दोन्ही जुळायला हवेत.

जे सेंडर वाटतं ते सेंडर नसेलही

इंजिनावरची डबी म्हणजे सेंडरच असं धरून चालू नका. कित्येक इंजिनांवर नुसता प्रेशर स्विच असतो, लाल दिव्यासाठी. तो साधारण ४ ते ७ पीएसआयच्या खाली असेल तर सर्किट जोडतो, वर गेलं की तोडतो, मधलं काही नाही. तो गेजच्या वायरीला जोडला तर काटा या टोकाला नाहीतर त्या टोकाला. स्विच आकाराने लहान असतो, सेंडर बहुतेक वेळा जाडजूड, आणि मल्टिमीटर लावला की स्विचवर शून्य किंवा एकदम ओपन असंच येतं.

काही कंपन्यांनी तर गेजच खोटं केलं होतं. माझदाच्या एमएक्स-५ मध्ये १९९४ पर्यंत खरं गेज होतं, १९९५ पासून काटा तसाच ठेवला पण मागे नुसता स्विच, प्रेशर आहे की काटा मधोमध, नाही की शून्य. फोर्डनेही ऐंशीच्या दशकाच्या शेवटी असंच केलं, स्विच लावला आणि गेजच्या मागे २० ओहमचा एक पक्का रेझिस्टर टाकला. का केलं, तर लोक आयडलिंगला काटा खाली आला की घाबरून सर्व्हिस सेंटरला यायचे, असं म्हणतात. तेव्हा अशा काळातलं इंजिन किंवा अशा गाडीतलं इंजिन जुन्या गाडीत टाकत असाल तर त्याच्यावरची डबी सेंडर नसून स्विच असायची दाट शक्यता.

नव्या इंजिनांचा प्रकार आणखी वेगळा. जीएमच्या एलएस इंजिनासारख्या इंजिनावर तीन वायरीचा सेन्सर असतो, एका वायरीतून ५ व्होल्ट येतात, एक अर्थ, आणि तिसरीतून साधारण अर्धा ते साडेचार व्होल्ट असा सिग्नल ईसीयूला, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरला, जातो. जुन्या गेजला व्होल्ट कळत नाहीत, त्याला ओहम हवेत. तिसरी वायर सरळ गेजला जोडून बघू असं कुणाच्या डोक्यात असेल तर नको, गेज चालणार नाहीच, वर ईसीयूचा सिग्नल बिघडेल. हा सेन्सर ईसीयूसाठी आहे तिथेच राहू द्या आणि गेजसाठी दुसरी जागा शोधा. एलएसमध्ये ऑइल फिल्टरच्या वर ब्लॉकवर एक छोटी प्लेट असते, बरेच जण ती काढून भोक पाडून आटे पाडतात आणि गेजचा सेंडर तिथे लावतात, मागच्या बाजूला इनटेकच्या पाठीमागे हात घालण्यापेक्षा ते कितीतरी सोपं.

आणि सेंडरला दोन टर्मिनल असतील तर एक गेजचं आणि एक दिव्याचं. व्हीडीओवर गेजसाठी जी आणि दिव्यासाठी डब्ल्यूके लिहिलेलं असतं. अदलाबदल झाली की दिवा आणि गेज दोन्ही विचित्र वागतात आणि माणूस सेंडर खराब म्हणून फेकून देतो.

अर्थ, अर्थ आणि परत अर्थ

जोडी बरोबर आहे तरी काटा चुकतोय? मग अर्थ. इंजिन काढताना इंजिन आणि बॉडीमधली अर्थची पट्टी सोडलेली असते, नवीन इंजिनाला ती लावायची जागा वेगळी असते, म्हणून "नंतर लावू" म्हणून राहते. इंजिन रबरच्या माउंटवर बसलंय, ब्लॉकला नवीन रंग मारलाय, मग करंटला परत जायला रस्ता कुठला? गिअर केबल, क्लच केबल, अ‍ॅक्सिलरेटरची केबल, जे मिळेल त्यातून तो जातो. स्टार्टर जड फिरणं आणि सेल्फ मारताना एखादी केबल गरम होणं ही त्याची खूण.

इथे एक गोष्ट लक्षात घ्या. खराब अर्थ म्हणजे सर्किटमध्ये जास्तीचे ओहम. उलट्या पद्धतीच्या गेजमध्ये, म्हणजे २४० ते ३३ वाल्यात, जास्तीचे ओहम म्हणजे कमी प्रेशर, म्हणजे चूक झाली तरी सावध करणारी. पण जीएम आणि व्हीडीओच्या पद्धतीत जास्तीचे ओहम म्हणजे जास्त प्रेशर! ० ते ९० च्या गेजमध्ये गंजलेल्या जोडामुळे नुसते ५ ओहम वाढले तरी ८० पीएसआयच्या डायलवर साडेचार पीएसआय फुकटचे दिसतात, आणि वायर पूर्ण तुटली तर काटा सरळ शेवटाला. म्हणजे वायर तुटली आणि गेज म्हणतंय प्रेशर फुल्ल. म्हणून या गाड्यांमध्ये मी लाल दिव्याशिवाय नुसत्या गेजवर कधीच भरवसा ठेवणार नाही.

तपासायची पद्धत सोपी आहे. मल्टिमीटर डीसी व्होल्टवर ठेवा, एक टोक सेंडरच्या धातूच्या बॉडीला, दुसरं टोक गेजच्या अर्थला, इंजिन चालू, हेडलाइट आणि हीटरचा पंखा चालू. मीटरवर जवळजवळ शून्य यायला हवं. ०.१ किंवा ०.२ च्या वर काही दिसलं आणि लाइट बंद केल्यावर ते कमी झालं तर अर्थ कमजोर. लाइटचा काय संबंध असं वाटेल, तर अल्टरनेटर इंजिनाला बसवलेला असतो, लाइट बॉडीला अर्थ केलेले असतात, लाइटचा सगळा करंट बॉडीतून इंजिनाकडे परत जातो आणि पट्टी बारीक किंवा गंजलेली असली की दोघांमध्ये व्होल्टचा फरक पडतो, गेज बॉडीला आणि सेंडर इंजिनाला अर्थ असल्यामुळे तो फरक थेट काट्यावर दिसतो. इंडिकेटरच्या तालावर काटा नाचत असेल तर कारण हेच. नवीन जाड पट्टी, दोन्हीकडचा रंग खरवडून चकचकीत धातूला लावलेली, एवढंच औषध.

आट्यांवर गुंडाळायची पांढरी टेप हा आणखी एक छुपा शत्रू. सेंडरचा अर्थ आट्यांमधूनच जातो, टेप जाड गुंडाळली की कधीकधी तो तुटतो, शिवाय टेपचा तुकडा आत जाऊन सेंडरच्या बारीक भोकात अडकू शकतो. निमुळते आटे मुळात धातूवर धातू घासून बंद होतात, थोडं लिक्विड सीलंट पुरतं, पहिले एकदोन आटे कोरडे ठेवून.

आटे आणि जागा

अमेरिकन सेंडरला बहुतेक १/८ एनपीटी आटे, त्यात इंचाला २७ आटे आणि ६० अंशाचा कोन. ब्रिटिश आणि जपानी इंजिनात बहुतेक १/८ बीएसपी, इंचाला २८ आटे आणि ५५ अंश. बघायला एकदम सारखे, हाताने दोनतीन वेढे जातातही, मग अडकतात, आणि पाना लावून जोर दिला की अ‍ॅल्युमिनियमच्या हाउसिंगमधले आटे गेले. युरोपियन इंजिनात एम१० बाय १ पण असतात, एलएसच्या मागच्या सेन्सरला एम१६ बाय १.५. सगळ्यांसाठी अ‍ॅडॅप्टर मिळतात, तेव्हा जोर लावू नका, आटे मोजा.

आता अ‍ॅडॅप्टर, त्याला टी आकाराचा जोड, त्याला एका बाजूला दिव्याचा स्विच आणि दुसऱ्या बाजूला जड सेंडर, असा पितळी फिटिंगचा लांब हात ब्लॉकला लटकवला की इंजिनाच्या थरथरीने तो एक दिवस आट्यापाशी तुटतो आणि सगळं ऑइल बाहेर. त्यापेक्षा छोटा ब्रेडेड होज घेऊन सेंडर फायरवॉलवर किंवा ब्रॅकेटवर बसवा. फक्त होज रबरचा असला की सेंडरच्या बॉडीचा इंजिनाशी संबंध संपला, म्हणून सेंडरच्या गळ्याला क्लिप लावून वेगळी अर्थची वायर ब्लॉकपर्यंत ओढायची. होज लावल्यावर गेज "मेलं" असं जे लोक सांगतात त्यात बहुतेक वेळा हीच वायर राहिलेली असते.

भोक कुठलं निवडलंय यानेही रीडिंग बदलतं. फिल्टरच्या आधीच्या भोकात प्रेशर जास्त दिसणार, फिल्टरनंतर मेन गॅलरीत, म्हणजे ब्लॉकमधल्या ऑइलच्या मुख्य वाटेत, थोडं कमी, आणि बेअरिंगला मिळतं ते गॅलरीतलं. शक्यतो गॅलरीतलंच घ्यावं. काही नव्या व्ही८ मध्ये सेन्सरच्या खाली एक बारीक जाळी असते, ती गाळाने भरली की इंजिन ठणठणीत असून रीडिंग कमी येतं.

बाकीची गेजं पण चुकतायत का?

पेट्रोल आणि टेंपरेचरचा काटा पण सोबतच चुकत असेल तर सेंडरच्या मागे लागू नका, व्होल्टेज स्टॅबिलायझर बघा. जुन्या बायमेटल गेजमध्ये काटा सावकाश सरकतो कारण आतली पट्टी करंटने गरम होऊन वाकते, आणि व्होल्टेज वाढलं की रीडिंग पण वाढतं. म्हणून ब्रिटिश स्मिथ्सच्या गेजना १० व्होल्टचा आणि जुन्या फोर्ड-क्रायस्लरना सरासरी ५ व्होल्टचा स्टॅबिलायझर असायचा. हा स्टॅबिलायझर स्वतःच्या पत्र्याच्या बॉडीतून अर्थ घेतो, डॅशबोर्ड काढून परत बसवताना तो अर्थ सुटला की सगळी गेजं एकदम वर. त्याच्या जागी इलेक्ट्रॉनिक वाला टाकणार असाल तर गाडी पॉझिटिव्ह अर्थ (बॅटरीचं पॉझिटिव्ह बॉडीला जोडलेलं) आहे की निगेटिव्ह ते आधी बघा, जुन्या बायमेटलला काही फरक पडत नाही पण इलेक्ट्रॉनिकला पडतो.

मधे रेझिस्टर टाकून भागेल का?

हा प्रश्न येतोच. व्हीडीओचा १० ते १८० वाला सेंडर आहे, गेज ० ते ९० चं, तर सेंडरला समांतर १८० ओहमचा रेझिस्टर लावला की झालं, कारण १८० आणि १८० समांतर म्हणजे ९०, आणि १० ओहमचे होतात साडेनऊ. दोन्ही टोकं जवळपास जुळली, माणूस खूश. पण मधलं बघा. अर्ध्या प्रेशरला सेंडर ९५ ओहम, समांतर १८० धरून झाले ६२, गेजला अर्ध्यासाठी ४५ हवे होते, म्हणजे खरं ४० पीएसआय असताना गेज ५५ दाखवणार. पाव प्रेशरला, म्हणजे २० पीएसआयला, सेंडर साडेबावन्न, समांतर झाले साधारण ४१, गेज दाखवणार ३६. म्हणजे टोकं बरोबर आणि जिथे इंजिन दिवसभर चालतं तिथेच सगळ्यात मोठी चूक, तीही जास्त दाखवणारी. उलट्या पद्धतीच्या जोडीला तर रेझिस्टरने काहीच होत नाही, दिशा फिरवणं त्याच्या हातात नाही. प्रोग्रॅम करता येणारे इलेक्ट्रॉनिक कन्व्हर्टर मिळतात, ते काम करतात, आणि तीन वायरीच्या सेन्सरवरून जुनं गेज चालवायचं असेल तर तोच मार्ग. पण साध्या इंजिनावर गेजच्या पद्धतीचा सेंडर घ्या आणि अ‍ॅडॅप्टरने नव्या ब्लॉकला लावा, याच्याइतकं सोपं आणि स्वस्त दुसरं काही नाही.

आपलं गेज कुठल्या पद्धतीचं आहे तेच माहीत नसेल तर? चावी ऑन, इंजिन बंद, सेंडरची वायर काढा. काटा शून्यावर गेला तर उलटी पद्धत, २४० ते ३३ किंवा ७३ ते १० वालं बायमेटल. काटा शेवटाला गेला तर जीएम किंवा व्हीडीओची. मग वायर आणि ब्लॉक यांच्यामध्ये वेगवेगळे रेझिस्टर लावून बघा. ४५ ओहमला काटा मधोमध आला तर जीएम, ९० ओहमला मध्याच्या आसपास आला तर व्हीडीओ, १०३ च्या जवळपास मधोमध तर २४० ते ३३. वायर थेट ब्लॉकला टेकवायचा मोह आवरा, बायमेटल गेजची आतली तार तेवढ्यानं जळू शकते, कमीत कमी १० ओहम मधे असू द्या. या एका तपासणीने गेज आणि वायर दोन्ही पास झाले की उरतो तो सेंडर आणि त्याचा अर्थ. सेंडर काढून टेबलावर घ्या, टर्मिनल आणि बॉडीमध्ये मीटर लावा, कॉम्प्रेसरच्या हवेचा रेग्युलेटर लावून २०, ४०, ६० पीएसआय द्या आणि ओहम लिहून काढा. नवाकोरा सेंडरही चुकीचा निघू शकतो, पाकिटावर काय छापलंय त्यापेक्षा मीटर काय सांगतो ते खरं.

सगळं जुळलं, सुरुवातीच्या कागदावरचे आकडे आणि गेजचे आकडे थोड्याफार फरकाने सारखे आले, तरी एक सवय बदलावी लागते. जुन्या डायलवरचा लाल-हिरवा पट्टा जुन्या इंजिनासाठी होता. जग्वारच्या एक्सके इंजिनाला गरम असताना ३००० आरपीएमला ४० पीएसआय अपेक्षित असतात, आता त्याच गाडीत एलएस बसवलं तर जीएमच्या हिशोबाने गरम इंजिनाला कमीत कमी १००० आरपीएमला ६, २००० ला १८ आणि ४००० ला २४ पीएसआय पुरतात. म्हणजे जुन्या सवयीने बघणारा माणूस आयडलिंगचा काटा बघून गाडी बाजूला घेईल आणि इंजिनाला काहीही झालेलं नसेल. दर १००० आरपीएमला १० पीएसआय हा जो सगळे सांगतात तो ढोबळ हिशोब आहे, तुमच्या इंजिनाच्या मॅन्युअलमध्ये जे लिहिलंय ते धरा. आणि डायल ६० पीएसआयचं असून नव्या इंजिनाचा रिलीफ व्हॉल्व्ह ७० ला उघडत असेल तर थंडीत काटा रोज शेवटाला आपटणार, त्याला इलाज मोठ्या डायलचं गेज आणि त्याच्या जोडीचा सेंडर.

दिव्याचा स्विच मात्र गेजच्या सेंडरपासून वेगळाच ठेवा, त्याची वायर वेगळी, फ्यूज जमला तर वेगळा, आणि चावी फिरवल्यावर इंजिन चालू व्हायच्या आधी दिवा पेटतो की नाही तेवढं रोज बघा.